शेवटचा घास

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार-रविवार आला की नाशिकरोडला पाय ठेवायला जागा उरत नाही. नाशिक-पुणे रस्त्यालगतच्या बाळ येशूच्या मंदिराची यात्रा असते. वसईहून, मुंबईहून, गोव्याहून माणसे येतात. रांगेत कपाळावर कुंकू असलेल्या बायकाही असतात आणि गळ्यात क्रूस असलेल्याही. बहुतेकांच्या कडेवर मूल असते, नाहीतर मनात मुलाची काळजी. कुणाला मूल हवे असते, कुणाच्या मुलाचा ताप उतरलेला असतो, कुणाची मुलगी दहावीला असते. स्वतःसाठी काही मागायला आलेले आई-बाप या रांगेत शोधावे लागतील.

समोर देव आहे तो बालरूपात. ही भक्ती मूळची प्राग शहरातली. मेणाचा मुलामा असलेली, दीड फुटांची एक मूर्ती पॉलिक्सेना नावाच्या सरदार घराण्यातल्या स्त्रीने 1628 साली तिथल्या कार्मेल मठाला दिली आणि तिच्या प्रतिकृती जगभर गेल्या. गंमत अशी की ज्या धर्मात देवाला ‘बाप’ म्हणून हाक मारतात, त्या धर्माचे आई-बाप इथे लेकरू झालेल्या देवापुढे आपले लेकरू धरतात. देव आणि आई-बाप यांच्या नात्याचा ख्रिस्ती विचार एवढ्या एका रांगेत बराचसा उलगडतो. तो विचार मराठीत कसा रुजला, याची मुळे याच नाशिक परिसरात सापडतात.

बाप, पण कसला?

ख्रिस्ती प्रार्थनेची सुरुवातच बापाला हाक मारून होते. बायबलमधले दृष्टान्तही घरातलेच आहेत. लेकराने भाकर मागितली असता त्याच्या हातावर धोंडा ठेवणारा बाप नसतो, याची आठवण करून देऊन येशू पुढचा मुद्दा मांडतो: तुम्ही चुकणारी माणसे असून एवढे करता, तर देव किती करील? या युक्तिवादाची दिशा नीट पाहावी. आई-बाप परिपूर्ण आहेत, असे इथे कुठेच गृहीत धरलेले नाही. ते आरसा आहेत आणि आरशाला तडे आहेत, हे मान्य करूनच त्यात दिसणारे रूप ओळखायला सांगितले आहे. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात तर हे स्पष्टच येते. आई आपल्या तान्ह्याला विसरणार नाही, पण एखादी विसरलीच, तरी देव विसरणार नाही. होशेयच्या ग्रंथात देव आपल्या लोकांना हात धरून चालायला शिकवतो. लूकच्या शुभवर्तमानात येशू स्वतःला पिले पंखांखाली घेऊ पाहणारी कोंबडी म्हणवतो.

या सगळ्यांचा कळस म्हणजे उधळ्या मुलाची गोष्ट. ती निफाडच्या शिवारात घडली असे समजून पाहा. द्राक्षबाग लावलेल्या बापाकडे धाकटा येतो आणि म्हणतो, ‘माझी वाटणी आत्ताच द्या.’ बाप हयात असताना वाटणी मागणे म्हणजे तुम्ही गेलात असे मी धरून चालतो, असे त्याच्या तोंडावर सांगणे. गावात त्या बापाची काय शोभा होईल ते सांगायला नको. तरी बाप वाटणी देतो. मुलगा शहरात पैसा उडवतो, दुष्काळात डुकरे राखायची वेळ येते, पोटाची आग त्याला घराकडे वळवते. माफीची वाक्ये तो वाटेत पाठ करत येतो. बाप त्याला लांबूनच पाहतो आणि धावत सुटतो. त्या समाजात घरचा कर्ता पुरुष धावत नसे, लोकच त्याच्याकडे चालत येत. मुलाचे पाठांतर पुरे व्हायच्या आत अंगावर चांगला अंगरखा, बोटात अंगठी आणि पायात वहाणा येतात.

थोरला मात्र दाराबाहेर हिशेब घेऊन उभा राहतो. इतकी वर्षे राबलो, मला कधी एक करडूसुद्धा नाही. बाप त्याच्यासाठीही घराबाहेर येतो आणि त्याची समजूत घालतो. एकाच दिवसात हा म्हातारा दोनदा आपला मान बाजूला ठेवून उंबरा ओलांडतो. ख्रिस्ती परंपरेला आई-बापांच्या त्यागात देवाचे प्रेम दिसते ते इथे. कष्ट किती उपसले यापेक्षा आपला हक्क किती सहज सोडला, याला या गोष्टीत मोल आहे.

ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी

मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटली नाही, कारण त्याच्याकडे तिची स्वतःची कहाणी होती. नाशिकपासून तासाभरावर त्र्यंबकेश्वर आहे. पौष वद्य एकादशीला तिथे निवृत्तिनाथांची यात्रा भरते. वारकरी परंपरा सांगते ती कथा सर्वांना ठाऊक आहे. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला आणि गुरूच्या आज्ञेने ते पुन्हा संसारात आले. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता ही चार मुले झाली आणि संन्याशाची पोरे म्हणून वाळीत पडली. मुलांना समाजात घ्यावे म्हणून धर्मसभेने सांगितलेले देहान्त प्रायश्चित्त विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंनी स्वीकारले. आई-बाप गेले, तरी मुलांच्या वाट्याची उपेक्षा लगेच संपली नाही.

या कथेतली एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. ज्या पोरक्या ज्ञानदेवाला आईचा पदर पुरा मिळाला नाही, त्यालाच पुढे सारा महाराष्ट्र ‘माउली’ म्हणू लागला. विठ्ठलालाही वारकरी माउलीच म्हणतो. पंढरीच्या वाटेवर अनोळखी माणूसही समोरच्याला त्याच शब्दाने हाक मारतो. देवाचे मोठेपण सांगायला मराठीने राजा, स्वामी असे भारदस्त शब्द वापरले, पण जीव लावला तो या घरगुती शब्दाला.

मिशनऱ्यांनी मराठीत आणलेला देव मुख्यतः ‘बाप’ होता. त्याला ‘माउली’ हा शब्द कुणी जोडून दिला ते पाहायचे, तर असाच एक पोरका मुलगा भेटतो.

पक्षिणीची गोष्ट

नारायण वामन टिळक यांचा जन्म 1861 साली कोकणातल्या करजगावचा. आई जानकीबाई त्यांच्या लहानपणीच गेल्या. बापाशी पटले नाही. मुलगा घर सोडून नाशिकला आला आणि गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. पुढे कवी, कीर्तनकार, शिक्षक अशा वाटा तुडवत असताना रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांनी तुकाराम टाकून ख्रिस्त घेतला नाही. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. मराठी ख्रिस्ती मंडळीत आजही ‘उपासना-संगीत’ हे गीतपुस्तक उघडले की त्यांची पदे आणि अभंग हाती येतात. त्यांत ख्रिस्ताला माउली म्हणून केलेला धावा आहे. युरोपातही हा सूर अगदी नवा नव्हता. इंग्लंडमधल्या नॉरिच गावच्या ज्युलियन या साध्वीने चौदाव्या शतकात येशूला आई म्हटले होते. पण ती हाक तिथे एका कोपऱ्यात राहिली. टिळकांना ती कुठून उसनी आणायची गरज पडली नाही, पंढरीच्या वाटेवर ती रोज कानावर पडत होती.

टिळकांची एक कविता महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांनी शाळेत पाठ केली: ‘केवढे हे क्रौर्य!’ आपण ती शिकाऱ्याच्या निर्दयपणाची आणि भूतदयेची कविता म्हणून शिकलो. आज पुन्हा वाचली तर तिच्यात दुसरेच काही दिसते. पिलांसाठी चारा घेऊन निघालेली पक्षीण जखमी झाली आहे. अंगातून रक्त गळते आहे, डोळ्यांपुढे अंधारी येते आहे, वाट चुकते आहे. पडत, उठत ती घरट्याशी पोचते, चोचीतला घास अजून तसाच आहे. हा शेवटचा, असे सांगून ती तो पिलांना भरवू पाहते आणि यापुढे त्यांचा सांभाळ अनाथांच्या पित्यावर, प्रभूवर सोपवते.

मध्ययुगीन युरोपातल्या चर्चमध्ये पेलिकन पक्ष्याचे चित्र दिसते. तो आपली छाती चोचीने फोडून पिलांना रक्त पाजतो, अशी समजूत होती. निसर्गात तसे काही घडत नाही, पण वधस्तंभावरच्या ख्रिस्ताचे प्रतीक म्हणून तो पक्षी दगडात आणि रंगीत काचेत अमर झाला. टिळकांच्या पक्षिणीला अशा दंतकथेची गरज नाही. ती आपल्या ओळखीची, कुठल्याही झाडावरची आहे. रक्त सांडते तेही तिला कुणीतरी मारले म्हणून. आई मरणाच्या दारात आहे आणि तिला स्वतःच्या मरणापेक्षा पिलांच्या भुकेची घाई आहे, एवढेच कवितेत आहे. शेवटी ती देवाकडे बोट दाखवते ते आपले प्रेम जिथे अपुरे पडणार त्या जागी. मघाचा तडा गेलेला आरसा तो हाच. आईचे प्रेम थोर आहे, आणि ते मरणापाशी थांबते. तिथून पुढे कोण, हा प्रश्न पोरक्यालाच नीट कळतो.

मुलाला देणारा बाप

इथे एक अवघड शंका येते आणि ती टाळता कामा नये. देवाने आपला एकुलता एक पुत्र दिला, हे ख्रिस्ती श्रद्धेचे मुख्य विधान आहे. मग हा बाप कसला? पोटच्या मुलाला मरणाच्या दारी धाडणाऱ्या बापाला आपण प्रेमळ म्हणू का?

जुन्या करारात अब्राहाम इसहाकाला घेऊन डोंगरावर जातो. सुरी उचललेली असताना देवदूत त्याचा हात धरतो आणि मुलाऐवजी एडका दिला जातो. मुलांचे बळी देण्याच्या प्राचीन प्रथेला इथे नकार मिळतो, असे अनेक अभ्यासक मानतात. नव्या करारात मात्र हात धरणारा कुणी येत नाही. याचे ख्रिस्ती उत्तर त्रैक्याच्या सिद्धान्तात आहे. पिता आणि पुत्र हे दोन वेगळे देव नाहीत. तेव्हा वधस्तंभावर देवाने दुसऱ्या कुणाला पुढे केले, असे होत नाही, तो स्वतःच गेला. पुत्राचे मरण आणि पित्याचे दुःख ही एकाच प्रेमाची दोन टोके. खाली उभी असलेली मारिया या दुःखाला माणसाचा चेहरा देते. तिच्या जिवातून तलवार आरपार जाईल, हे वृद्ध शिमोनाने बाळ चाळीस दिवसांचे असतानाच तिला सांगितले होते.

हे पटो न पटो, त्यातून निघणारी एक कसोटी घराघरात लागू पडते. स्वतः देणे म्हणजे त्याग, आणि दुसऱ्याला द्यायला लावणे म्हणजे सक्ती. आपल्याकडे त्यागाची पोथी बहुधा आईच्याच हाती देतात. सगळ्यांची पाने वाढून झाली की तव्यावरची शेवटची, थोडी करपलेली भाकरी तिची, असे घर धरूनच चालते. तिचे कौतुक करणे सोपे असते, कारण कौतुकाला पैसे पडत नाहीत. तसेच ‘आम्ही तुमच्यासाठी खस्ता खाल्ल्या’ असे म्हणत मुलाचा संसार, नोकरी, लग्न यांवर हक्क सांगणारे आई-बापही आपण पाहतो. केलेल्या त्यागाचे खाते उघडले की ते कर्ज होते. ख्रिस्ती भाषेत देवाच्या देण्याला ‘कृपा’ म्हणतात, आणि कृपेची परतफेड नसते.

लक्ष्मीबाई

टिळकांच्या श्रद्धेची पहिली किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा जन्म 1868 सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडील कमालीचे सोवळे, बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात येत नसे. वयाच्या अकराव्या वर्षाच्या आसपास लग्न झाले. अशा घरातल्या बाईचा नवरा ख्रिस्ती झाला म्हणजे तिचे सौभाग्य शाबूत असून संसार बुडाला. पदरात दत्तू हा लहानगा. पुढची काही वर्षे त्यांनी नातेवाइकांच्या आधाराने काढली, नवऱ्याच्या ओढीने आणि धर्माच्या धाकाने एकाच वेळी होरपळत. टिळकांना देव सापडला तेव्हा आई आणि मूल उघड्यावर आले होते, हे सोडून ही कथा सांगितली तर ती खोटी होईल.

पुढे त्या नगरकडे टिळकांजवळ गेल्या. जातिभेद माणसाने केला, हे त्यांना कुणाच्या प्रवचनाने पटले नाही, स्वतःच विचार करून पटले. 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. तो छप्पन्याच्या दुष्काळाचा काळ. आई-बाप गमावलेली मुले गावोगाव भटकत होती. टिळक अशा मुलांना घरी घेऊन येत. आणणे टिळकांचे आणि निभावणे लक्ष्मीबाईंचे! कुणाच्या डोक्यात उवा, कुणाचे पोट बिघडलेले, घरात पीठ बेताचे. एकेकाळी धुतल्याशिवाय वस्तू न शिवणाऱ्या घरातली ही मुलगी आता कुठल्याही जातीच्या पोराच्या केसांतून फणी फिरवत होती. नगरला प्लेग आला तेव्हा त्या रोग्यांच्या छावणीत कामाला गेल्या. 1907 सालच्या जळगावच्या कविसंमेलनात टिळकांना भेटलेला त्र्यंबक ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, पुढे नगरच्या याच घरात राहिला. त्या लहरी मुलाचे रुसवेफुगवे काढणाऱ्याही त्याच.

पोटच्या मुलासाठी जीव टाकणे पशुपक्ष्यांनाही कळते, टिळकांची कविता तेच दाखवते. परक्या लेकराला तोच घास देणे, ही पुढची पायरी. ख्रिस्ती विचारात माणूस देवाचे लेकरू ठरतो तो दत्तक म्हणून. पौलाने आपल्या पत्रांत हाच शब्द वापरला आहे. त्यामुळे दत्तक घेणारी, पोरक्याला पंगतीत बसवणारी आई ही देवाच्या प्रेमाची अधिक जवळची खूण ठरते. लक्ष्मीबाईंनी हे तत्त्वज्ञान मांडले नाही, त्या स्वयंपाकाला लागल्या.

शरणपूर

नाशिककरांच्या तोंडी शरणपूर रोड रोज असतो. नाव कशावरून पडले, हे फारसे कुणी विचारत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीने शहराबाहेर एक वसाहत उभारली, शरण आलेल्यांचे गाव म्हणून शरणपूर. तिथे जी मुले आली त्यांत आफ्रिकन मुलेही होती. अरबी समुद्रात गुलामांचा व्यापार करणारी गलबते इंग्रज आरमार अडवत असे. त्यांतून सोडवलेली मुले मुंबईला उतरवली जात आणि त्यांतली काही शरणपूरला येत. आई-बाप कुठल्या गावी राहिले, ते जिवंत आहेत की नाहीत, हे त्यांना सांगता येण्यासारखे नव्हते. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणे-वाचणे ती इथे शिकली. जगाने त्यांना ‘नासिक बॉईज’ म्हटले.

आफ्रिकेत हिंडणारा मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन 1866 साली तिथल्या शेवटच्या मोहिमेवर निघाला तेव्हा त्याने नाशिकची नऊ मुले बरोबर घेतली. आणखी काही नंतर जाऊन मिळाली. त्यांतला जेकब वेनराइट. 1873 साली लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात मेला. सोबत्यांनी त्याचे हृदय तिथेच झाडाखाली पुरले, तेव्हा अंत्यविधीचा पाठ वाचला तो जेकबने. मग ते कलेवर खांद्यावर घेऊन ही माणसे महिनोन्‌महिने किनाऱ्याकडे चालत राहिली. 18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टनची शवपेटी नेणाऱ्यांत जेकब होता. बाप हिरावलेल्या मुलाने एका परक्या माणसासाठी मुलाची कर्तव्ये पार पाडली.

या मायेलाही तडा आहे. आश्रय देणाऱ्यांनी या मुलांना नवी नावे दिली, जेकब, मॅथ्यू. आईने ठेवलेले नाव मागे पडले. आश्रय खरा होता आणि आश्रय देणाऱ्याचा अधिकारही खरा होता. उधळ्या मुलाच्या बापाने मुलाला अंगरखा दिला, नवे नाव दिले नाही. परक्या मुलाचे आई-बाप होताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

हिशेब नसलेली वही

टिळक 9 मे 1919 रोजी मुंबईत वारले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले होते. जोडाक्षरांशी आयुष्यभर झगडणाऱ्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. मग मुलगा देवदत्त, म्हणजे तोच दत्तू, वडिलांचे चरित्र लिहायचे म्हणून आईच्या मागे लागला: आठवतील तशा आठवणी सांग. त्यातून झाली ‘स्मृतिचित्रे’. 1934 सालापासून तिचे भाग येऊ लागले. नवऱ्यावर तीत रागही आहे, हसूही आहे, सोसल्याचे भांडवल मात्र कुठेच नाही. एवढे सोसलेल्या बाईने मुलाच्या हाती दिलेल्या वहीत त्याच्या नावावर एक पैचे देणे मांडलेले नाही. कृपा म्हणजे काय हे समजून घ्यायला मराठीत याहून सोपे पुस्तक नाही.

24 फेब्रुवारी 1936 रोजी लक्ष्मीबाई नाशिकमध्येच वारल्या. ‘स्मृतिचित्रे’चा शेवटचा भाग त्यानंतर छापून आला, आणि तो वाचकांपर्यंत पोचवला दत्तूने.